मणामागे एक पायली

आमच्या कडावच्या घराला तीन भिंती स्वतःच्या होत्या आणि चौथी सोसायटीच्या कोठाराची. त्यामुळे घरात काहीही शिजलं तरी वर वास भाताचाच. नव्या भाताचा दमट वास, गोणपाटाचा, किडीसाठी टाकलेल्या निरगुडीच्या पाल्याचा. आई वालाच्या बिरड्याला लसणीची फोडणी द्यायची, तेवढ्या वेळापुरतीच कोठाराची हार व्हायची. भिंतीपलीकडे उंदीर धावायला लागले की आई भिंतीवर मुसळ आपटायची आणि ओरडायची, "मुडद्यांनो, तुमी काय सभासद हाईसा का रं?" आणि उंदीर खरोखरच गप्प व्हायचे. मला लहानपणी वाटायचं की त्यांना सभासद म्हणजे काय ते कळतं.

सोसायटी म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. झोडणी झाली की आसपासचे शेतकरी आपल्या भातातला काही भाग कोठारात ठेवायचे. पावसाळ्यात ज्याची कणगी रिकामी होई त्याला तिथून खावटी मिळे, म्हणजे खाण्यापुरतं भात. पुढच्या पिकावर थोडी भर घालून त्यानं ते परत करायचं. बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. भात ओलं येतं आणि वाळून कमी होतं, म्हणून ठेवणाऱ्याच्या खात्यातून मणामागे अर्धी पायली वजा होई. तिला आमच्याकडे 'वाळ' म्हणत. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. माझे बाबा ह्या सोसायटीचे चिटणीस. मानधन म्हणजे वर्षाला एक नारळ, आणि शिव्या मात्र बारमाही.

माझा नातू साजगावच्या कारखान्यात हिशेब बघतो. मागे एकदा त्यानं मला त्यांचा जाडजूड वार्षिक अहवाल आणून दाखवला. त्यात एक पान होतं, हिशेब कोणत्या रीतीनं ठेवला ते सांगणारं. म्हणाला, "आजी, हे पान कोणी वाचत नाही." म्हटलं, "गाढवा, हेच तर आधी वाचायचं असतं. बाकीचे सगळे आकडे ह्याच पानाच्या पोटातून बाहेर पडतात." तो हसला. हसू दे बापडा. तसल्याच एका पानापायी माझ्या बाबांची अब्रू जाता जाता राहिली, आणि ती घालवायला मीच निघाले होते, हे त्याला कुठे ठाऊक आहे? म्हणून तर लिहायला बसले.

बाबांना वाचता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, सातवी झालेला माणूस, मोडी अक्षर तर मोत्यासारखं. पण मोतीबिंदूनं त्यांच्या डोळ्यांवर असा पडदा टाकला होता की माणूस आणि बैल ओळखू यायचा, अक्षर काही दिसायचं नाही. गावातल्या वाटा पायांना पाठ, त्यामुळे बाहेर कुणाला संशय आला नाही. चिटणिसाला वाचता येत नाही म्हटल्यावर कोण ठेवेल? म्हणून दुपारी माजघराचं दार लोटून बाबा डोळे मिटून सांगायचे आणि मी, चौथी शिकलेली पंधरा वर्षांची यमी, त्यांच्या नावानं वह्या लिहायची. मला खोड अशी की ओळ संपली की टाक दौतीत बुडवायचा, शाई असो वा नसो. दौतीच्या गळ्याला लागून टक् असा आवाज व्हायचा. आई म्हणायची, "काय गं ते सुतारपक्ष्यावाणी!" लिहून झालं की मी वाचून दाखवायची, बाबा "बरोबर" म्हणायचे आणि सहीसाठी हात पुढे करायचे. मी त्यांचं बोट धरून कागदावर सहीच्या जागी नेऊन ठेवायची. सभेतला अहवाल तर ते तीनदा ऐकून पाठच करत, आणि भर सभेत कागद डोळ्यांपुढे धरून घडाघडा म्हणत. एकदा कागद उलटा धरला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, मी मात्र दाराआड घामाघूम झाले.

आई घाटावरची, मावळातली. बाबांशी लग्न होऊन खाली उतरली त्याला वीस वर्षं झाली होती, पण बोली तिनं उतरू दिली नव्हती. आम्ही 'नाय' म्हणायचो, ती 'न्हाई' म्हणायची, आणि बायका विहिरीवर तिची नक्कल करायच्या. तिला भाताचा सोस नव्हता, कुठूनतरी बाजरी मिळवून भाकरी थापायची आणि आम्हाला म्हणायची, "खावा, जरा दात असल्यासारखं वाटंल." अंगात ताकद मात्र गड्याची. त्या वर्षी आषाढात सोसायटीचा मापारी, धोंडू, पायाला कुरूप होऊन पिकल्यामुळे अंथरुणाला खिळला. बाकी पुरुष लावणीच्या चिखलात. खावटीला तर ठाकरवाडीपासून दहिवलीपर्यंतची माणसं दारात उभी. मग आईनं पदर खोचला आणि पायली हातात घेतली.

धोंडू मोजायचा ते सगळ्या आळीला ऐकू जाई. पहिल्या मापाला आपल्यात 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ हो लाभ... दोन हो दोन..." असं बारापर्यंत गेलं की मण भरला. आई मात्र मनात मोजायची. चार पुरुषांसमोर ओसरीवर बाईमाणसानं मोठ्यानं आकडे म्हणणं तेव्हा बरं दिसत नसे. मण झाला की ती नुसतं "भरला!" म्हणायची. बाबा चौकटीशी बसून दर 'भरला'ला एक चिंचोका वाडग्यात टाकायचे आणि दुपारी मी चिंचोके मोजून वहीत लिहायची. आषाढ-श्रावण मिळून चोवीस खंडी भात असं आईच्या हातून गेलं. तिचे दंड भरून यायचे, संध्याकाळी मी तेल लावून चोळून द्यायची. कुणी तिला नारळसुद्धा दिला नाही.

भाद्रपदात पाऊस जरा उघडला तेव्हा तपासनीस आले. कर्जतहून बैलगाडीनं, छत्री, ट्रंक आणि पोटाचं पथ्य घेऊन. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी वह्या पाहिल्या, माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि "हिशेब स्वच्छ आहे," म्हणाले. बाबांची छाती फुगली. मग कोठार उघडलं. धोंडू तोवर लंगडत का होईना उभा राहिला होता, त्यानं दीड दिवस सगळं भात मोजलं. वहीप्रमाणे अठ्ठेचाळीस खंडी जमा, त्यातून दोन खंडी वाळ, चोवीस खंडी खावटी. उरायला हवी होती बावीस. भरली वीस.

तपासनिसांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "चिटणीस, परवा सर्वसाधारण सभा आहे. तोवर कारण लेखी द्या. कारण नसेल तर दोन खंडी तुमच्या नावे टाकावी लागतील, आणि शेरा मारावा लागेल." दोन खंडी म्हणजे आमच्या घराचं वर्षाचं खाणं. पण बाबांचा चेहरा उतरला तो खाण्यासाठी नाही. ज्याच्या भिंतीला कोठार, त्याच्याच राज्यात भात कमी, लोक काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

सोसायटीचे अध्यक्ष नाना हे बाबांचे बालमित्र. ते दुपारीच आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अरं, एवढं काय घेऊन बसलास? यंदा भात ओलं आलं म्हन. वाळ अर्धीची एक पायली लाव. बग, दोन खंडी तितल्या तितं जमतायत. तपासनीस पन नाय म्हननार नाय, दर ठरवायचा हक्क आपला हाय." मी पाटीवर करून पाहिलं. खरंच पैन् पै जमत होतं. मला तर हायसं वाटलं. पण बाबांनी मान हलवली. "नाना, वाळ काय माझ्या खिशातून जाते? ज्यानं भात ठेवलं त्याच्या मणातून जाते. आज तूट झाकायला दर वाढवला तर तो उद्या खाली येनार नाय. लोकांच्या मणातून दर वर्षी अर्धी पायली जाईल, आनि का जाते ते कोनालाच ठाऊक नसल. तूट हाय ती तूट म्हनूनच लिवायची." नाना चिडून गेले. "मर मग तुझ्या खरेपनानं!" एवढं म्हणाले, पण छत्री विसरून गेले, ती घ्यायला परत आले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा पारा चढला. रात्रभर धुमसत होती, मग एकदम उसळली. "त्या धोंड्याचा पाय सुजलाय का डोकं? म्या चोवीस खंडी घातली, एक मूठ इकडं तिकडं झाली न्हाई. चल गं यमे, म्या मोजते, तू लिव्ह." आम्ही कोठारात गेलो. कोपऱ्यात एक ढीग होता, आदल्या दिवशी धोंडूनं तेरा मण मोजलेला. आईनं सगळा मोजला आणि घाम पुसत म्हणाली, "बारा."

मी म्हटलं, "आई, अजून एक मण कमी कसा झाला? ढीग तोच, पायली तीच."

"म्या काय खाल्ला व्हय?"

"मोठ्यानं मोज बघू. इथं कोन नाय ऐकायला."

आईनं पायली भरली, ओतली. "लाभ," म्हणाली. दुसरी भरली. "एक." तिसरी. "दोन." मी तिचा हात धरला. कोठारात उंदीरसुद्धा गप्प होते.

तिच्या माहेरच्या खळ्यावर पहिलं माप देवाचं. ते द्यायचं, पण मोजायचं नाही. मोजणी पुढच्या मापापासून. तिचे वडील तसंच मोजायचे, तिचे भाऊ तसंच. वीस वर्षांत खाली कुणी तिला मण मोजायला लावलाच नव्हता, घरात लागतं ते शेर-दोन शेर. मणामागे एक पायली. चोवीस खंडींचे चारशेऐंशी मण, म्हणजे चारशेऐंशी पायल्या, म्हणजे चाळीस मण, म्हणजे दोन खंडी. एकही दाणा चोरीला गेला नव्हता, उंदरांनी नेला नव्हता. आई भाताच्या ढिगावरच बसली. "माझ्या हातानं ह्यांचं नाव घालवलं गं," म्हणाली, आणि माझी ती कजाग, दणकट आई लहान पोरीसारखी रडली. मला तेव्हा जे वाटलं ते आज लिहितानाही वाटतं: सारं कोठार रिकामं झालं तरी चालेल, पण हिचे डोळे पुसले पाहिजेत.

बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. "म्हंजे देवाला चारशेऐंशी पायल्या पोचल्या की!" आई हसली नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि मला अहवाल सांगायला लागले. जमा किती, खावटी किती, सगळं. मोजण्याच्या दोन रीती आहेत, त्यात फरक पडल्यामुळे मणामागे एक पायली जास्त गेली. माप चिटणिसाच्या घरातून झालं. तूट चिटणिसाच्या नावे टाकावी. वाळीचा दर पूर्वीसारखाच अर्धी पायली, त्यात बदल नाही.

आणि मी काय लिहिलं? मी लिहिलं, यंदा भात ओलं आल्याकारणाने वाळ मणामागे एक पायली धरली आहे, सबब तूट नाही. दोन प्रती लिहिल्या, एक बाबांना, एक तपासनिसांना. विहिरीवरच्या बायका मला दिसत होत्या. घाटावरची आली आणि कोकणचं भात वाटून बसली, असं त्या आईला मरेपर्यंत ऐकवणार. बाबांनी नानांना काय सांगितलं ते मी ह्याच कानांनी ऐकलं होतं, मला सगळं कळत होतं, तरी लिहिलं. पुढचं तर त्याहून वाईट. वाचून दाखवताना मी कागदावरचं वाचलंच नाही. बाबांनी सांगितलेलं माझ्याही डोक्यात होतं, तेच तीनदा म्हणून दाखवलं. न दिसणाऱ्या बापाला फसवणं किती सोपं असतं! सभेत ते पाठ केलेलं म्हणतील आणि सगळं उघडं पडेल, हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे आलं असेल, पण मी ते आत येऊ दिलं नाही. बाबांनी मात्र त्या दिवशी सहीसाठी हात पुढे केला नाही. "सही सभेनंतर," म्हणाले.

सभा आमच्याच खळ्यात भरली. चटया, पानाचं तबक, ठाकरवाडीतली माणसं कुडाला टेकून उकिडवी. आई आणि मी दाराआड. बाबा उभे राहिले, कागद धरला (सुलट होता, मीच हातात दिला होता) आणि म्हणायला लागले. तपासनीस आपल्या प्रतीवरून बोट फिरवत ऐकत होते. मोजण्याच्या रीतीपाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग बाबांच्या डोळ्यांकडे फार वेळ पाहिलं. बाबांचं चालूच होतं. "माप चिटणिसाच्या घरातून झालं. दोन खंडी चिटणिसाच्या नावे टाकावी." खळ्यात कुजबूज सुरू झाली आणि नानांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. आई उंबऱ्याबाहेर जाऊन उभी होती, डोक्यावर पदर, आवाज मात्र खणखणीत. "घरातून म्हंजे म्या. माप म्या घातलं. ह्यांचा दोष न्हाई."

कुडाकडून ठाकरवाडीचा म्हातारा बुधा उठला. "बाईला काय बोलू नका. मनामागं पायली जास्त येतेय ती आमाला घरी कलत व्हती. आमी समजलो सोसायटीच देते, पावसाचे दिस म्हनून. पोरां दोन घास जास्त जेवली. पीक आलां का आमी ती आनून देव." दहिवलीचा एक जण लगेच म्हणाला, "आमाला नाय बा मिळाली जास्त!" तर कुडापलीकडून त्याच्या बायकोचा आवाज, "मिळाली हो! मीच भरली कणगीत, तुमी कवा बगता?" सगळं खळं हसलं. त्या हसण्यातच ठरलं की ज्यांनी खावटी नेली त्यांनी ती पायली परत करायची, चिटणिसाच्या नावे काही टाकायचं नाही.

सभा उठल्यावर तपासनीस पाणी मागायला म्हणून दाराशी आले. पाणी प्यायले आणि आपल्याजवळची प्रत माझ्या हातात ठेवली. "बाळ, ही नक्कल चुकलेली दिसते. सभेत वाचलं गेलं तेच लिहून दे. आणि वहीच्या पहिल्या पानावर नियम लिही: लाभ म्हणजे एक, आत घेताना आणि बाहेर देताना रीत एकच, आणि वाळीचा दर सभेला विचारल्याशिवाय बदलायचा नाही." कुणी लिहिलं, चिटणिसांचे डोळे कसे आहेत, काही विचारलं नाही. पुढेही कधी नाही. दर वर्षी यायचे, बाबांना म्हणायचे, "चिटणीस, तोंडी सांगा, मला ऐकायला बरं वाटतं." त्यांचं ऋण फेडायला मला कधी मिळालं नाही. त्यांनी एक ओळ लिहिली असती तरी बाबांचं काम गेलं असतं, आणि माझं शिक्षणही तिथेच संपलं असतं. कारण मी जे काही शिकले ते त्या वह्यांतच.

मार्गशीर्षात परतफेड सुरू झाली. धोंडूचा पाय बरा झाला होता. पहिला मान बुधाचा. धोंडूनं पायली भरली, ओतली आणि आळी दणाणून सोडली, "लाभ हो लाभ!" दुसरी ओतली आणि आमच्या दाराकडे बघून ओरडला, "एक हो एक!" त्या सगळ्या महिन्यात त्यानं आईच्या रीतीनं मोजलं, म्हणजे मणामागे ती जास्तीची पायली आपोआप परत. पहिल्या पानावरचा नियम मोडून, पण सभेला विचारून. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि पदरात तोंड लपवायची. शेवटचा मण पडला तेव्हा तुटीची दोन खंडी बरोबर भरली होती.

त्या दुपारी बाबा म्हणाले, "लिही. तुटीपोटी, घरच्या मापानं जमा, दोन खंडी." मी लिहिलं, टाक दौतीत बुडवला आणि मला पुढे लिहवेना. म्हटलं, "बाबा, सभेच्या कागदात मी—"

"वाळ लिवलीस."

"तपासनिसांनी सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगायला पायजे? मी अठरा ओळी सांगितल्या, तुझा टाक दौतीत अकराच येळा वाजला. दोनीदा."

मी रडायला लागले. "मग तवाच का नाय बोललात? माझ्याकडून लिवून घेनं बंद करायचं."

"खरं काय ते मी बोलनारच व्हतो. तू आईसाठी केलंस. त्यात तुला आनखी कशाला रडवायचं?" त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाच आता, काय लिवलंस ते."

मी वाचलं. कागदावर होतं तेवढंच वाचलं. "बरोबर," बाबा म्हणाले आणि हात पुढे केला. मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागी नेऊन ठेवलं.